घरचं दळण शेवटी

पाचव्या माळेला माझं पोट दुखलं नाही.

पहिल्यांदा कळलंच नाही की काय बिघडलंय. सकाळी गिरणीच्या पायरीवर बसले होते, हातात राजगिऱ्याचा लाडू, आणि काहीतरी कमी आहे असं वाटत होतं. लाईट गेल्यावर मोटार थांबते आणि कानात एकदम सुनं सुनं होतं, तसं.

"काय गं मोने, डोळं फाडून काय बघतीस?" आत्यानं विचारलं.

"आत्या, दुखत नाही."

"काय दुखत नाही?"

"पोट."

ती पाण्याची घागर घेऊन चालली होती. घागर तिथंच ठेवली आणि ओल्या हातानं माझं पोट दाबून बघितलं. बेंबीच्या खाली, डावीकडं. तिथं कुणी हात लावला की मी तोंडात येईल ते बोलायचे. त्या दिवशी काहीच बोलले नाही. आत्याचे डोळे भरले.

"उदो गं आई, उदो," ती म्हणली. "पोरीच्या पोटावरनं हात फिरवला तिनं."

तेव्हा मला पंधरावं चालू होतं. आता एकोणीस आहे. त्या नवरात्रापासून कोजागिरीपर्यंत जे झालं त्याचा अर्थ मला अजून नीट लागत नाही, म्हणून जसं झालं तसंच सांगते.

बार्शीकडचं आमचं गाव. अण्णांची पिठाची गिरणी, त्यांच्या वडलांनी म्हणजे आप्पांनी घातलेली. एकच मोटार, एकच दगडाची जोडी. मागच्या दोन खोल्यांत आम्ही: अण्णा, आई, मी आणि कला आत्या. आत्या अण्णांची थोरली बहीण. नवऱ्यानं दोन वर्षांत परत आणून सोडलेली. तिच्या गळ्यात कवड्यांची माळ, आणि मंगळवारी-शुक्रवारी हातात परडी. पाच घरी जोगवा मागायचा, मिळालेलं पीठ-मीठ घरी आणायचं. गावात तिला मान होता. बायका तिच्या पाया पडायच्या. पण तिला कुणी लग्नाला पुढं बसवायचं नाही, हेही मी बघितलेलं.

माझं पोट सहावीपासून दुखायचं. जेवलं की तासाभरात पोट फुगून डेऱ्यासारखं व्हायचं, मग आत कुणीतरी ओलं धुणं पिळतंय असं, मग पळापळ. शाळेतल्या संडासाला कुलूप, किल्ली शिपायाकडं, शिपाई चहाला. नववीत गणिताच्या तासाला तिसऱ्यांदा हात वर केला तर सर म्हणले, "परत? घरीच का बसत नाहीस मग?" मागनं ओंकार्‍या मगरानं हळूच म्हणलं, "डबा विसरली रे." मी कंपास फेकून मारला. त्याच्या भुवईला दोन टाके पडले. दुसऱ्या दिवसापासून मी घरीच बसले. म्हणजे गिरणीवर. अण्णा म्हणले, "बरं झालं, मला माणूस पाहिजेच होतं," पण माझ्याकडं न बघता म्हणले.

त्या उन्हाळ्यात सोलापूरला मोठ्या डॉक्टरकडं नेलं. रक्त काढलं, तोंडातनं नळी घातली. मग ते म्हणले, "हिला गहू सोसत नाही. चपाती, रवा, मैदा, शेवया, बिस्किट, सगळं बंद. कायमचं. कणभरसुद्धा जाता कामा नये."

आई तिथंच रडायला लागली. "दुखतंय म्हणून मी हिला टोस्ट आणि रव्याची लापशीच देत होते हो साहेब. हलकं म्हणून."

तेव्हापासून मला फक्त ज्वारीची भाकरी. दोन महिने झाले, तीन झाले. थोडा फरक पडला, पण दुखणं होतंच. परत सोलापूरला गेलो, तर डॉक्टर कागद बघून म्हणले, "कुठून तरी गहू जातोय पोटात." आईनं शपथ घेतली. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

येताना एसटीत अण्णांनी विचारलं, "स्टँडवर खारी खाती का चोरून?"

"नाही."

"खरं सांग. मारत नाही."

"नाही म्हणलं ना! गळ्यात पाटी बांधू का?"

सगळी एसटी वळून बघायला लागली. खरं म्हणजे एकदा, मेमध्ये, मावसबहिणीच्या लग्नात मी अर्धी पुरी खाल्ली होती. एकदाच. पण त्यानंतर मलाच वाटायला लागलं की मी झोपेत उठून खाते की काय. नाहीतर मग हे दुखणं मनातलंच असंल, सर म्हणायचे तसं.

म्हणून आत्या म्हणली की या वर्षी नऊ दिवस माझ्याबरोबर उपास धर, तर मी धरला. देवीवर विश्वास होता म्हणून नाही, दुसरं काही उरलंच नव्हतं म्हणून. भगर, राजगिरा, साबुदाणा, शेंगदाणे. उपासानं पोट बिघडतं म्हणतात, आणि माझं पाचव्या माळेला गप्प बसलं. सहाव्या, सातव्या, आठव्या माळेलाही. आठव्या माळेला तर मी गिरणीच्या मागं दोरीवरच्या उड्या मारल्या, लहान पोरीसारख्या. आई खिडकीतनं बघत होती, मी बघितलं की आत सरकली.

खंडेनवमीला मोटारीला झेंडूचा हार घातला, दगडाला हळद-कुंकू लावलं. दसऱ्याच्या सकाळपासून मात्र गव्हाची झुंबड. सगळ्यांनाच पुरणपोळी करायची. नऊ दिवस आमच्या गिरणीत फक्त उपासाचं दळतात, हा आप्पांच्या वेळचा नियम. घटाच्या आदल्या दिवशी अण्णा दगड उघडून, ब्रशनं झाडून, फडक्यानं पुसून घेतात, आणि मग गव्हाचा डबा घेऊन कुणी आलं की त्याला खालच्या आळीच्या गिरणीकडं हाकलायचं काम माझं. ते मला आवडायचं.

दसऱ्याला रात्री सगळे पुरणपोळी खात होते. मी ज्वारीची भाकरी आणि कटाची आमटी खाल्ली. सोनं वाटून आले होते, पोट मऊ होतं, मी खुश होते.

एकादशीच्या सकाळी मी संडासातनं बाहेरच आले नाही.

"गेली," आत्या दाराबाहेरनं म्हणली. "दसऱ्याला देवी सीमेपल्याड गेली आणि दुखणं परत आलं. नाम्या, अजून तुला कळत नाही का रे? ती हाक मारतीय पोरीला."

अण्णांनी, म्हणजे तिच्या नाम्यानं, पाण्याची बादली भरून दाराशी ठेवली.

"कोजागिरी चार दिवसांवर आहे. तुळजापूरला नेऊ आणि परडी घालू. माझंही असंच होतं. सासरहून परत आल्यावर घेतली मी."

आई स्वैपाकघरातनं ओरडली, "माझ्या पोरीला नका हो ताई दारोदार फिरवू!"

"दारोदार? जोगवा म्हणतात त्याला. आणि तू दे की मग दुसरं औषध. आहे तुझ्याकडं?"

आईकडं नव्हतं. कुणाकडंच नव्हतं. मी दार उघडून बाहेर आले, भिंतीला धरून उभी राहिले आणि म्हणलं, "घेते."

"मोने..." अण्णा म्हणले.

"घेते म्हणलं ना. दुखायचं थांबू द्या, मी पाच काय पन्नास घरं मागते."

तोंडानं म्हणलं, पण डोक्यात लगेच घरं मोजायला लागले. आमच्या आळीतलं दुसरंच घर ओंकार्‍या मगराचं. त्याच्या दारात उभी राहून मी 'जोगवा' म्हणणार, आणि तो भुवईवरचा वण खाजवत बाहेर येणार. आयुष्यभर, दर मंगळवारी. शुक्रवारी परत.

त्याच सकाळी वैजंताबाई आल्या. सत्तरीच्या, दर एकादशी कडक धरणाऱ्या, आणि एक एक दाणा बघणाऱ्या. भगरीची पिशवी माझ्यापुढं ठेवली. "दगड पुसून घे गं."

माझ्या पोटात कळ यायली होती. नुकताच पाच किलो गहू काढला होता. दगड पुसायचा म्हणजे मोटार बंद, वरचा दगड उचलायला अण्णांना हाक, पंधरा मिनिटं गेली. मी तशीच भगर वर ओतली.

पीठ खाली आलं. वैजंताबाईंनी चिमूट घेतली, बोटांत चोळली, उजेडात धरली.

"गहू गेलाय यात."

"नाही."

"हा बघ कोंडा. लाल. भगरीला असतो का असला?"

"चिमूटभर गेला असंल. लगेच काय मरताय का?"

गिरणीत तीन-चार बायका होत्या. सगळ्या आपापल्या डब्यात डोकावून बघायला लागल्या. वैजंताबाईंनी पिशवी उचलून माझ्या पायाशी रिकामी केली. सगळं पीठ, जमिनीवर.

"मरत नाही," त्या म्हणल्या. "पण उपास चिमटीनंच मोडतो. तुझ्या आप्पांना माहीत होतं ते."

त्या गेल्यावर अण्णांनी मला फाडफाड बोलून घेतलं, आणि अर्धा किलो भगर घेऊन स्वतः त्यांच्या घरी गेले. मी पीठ झाडत बसले. पोट धरून, शिव्या देत.

दोन दिवसांनी आत्या बाजारातनं परडी घेऊन आली. नवी कोरी, वेताची, कडेनं कवड्या शिवलेली. माझ्या अंथरुणाच्या उशाशी ठेवली. वेताचा वास येत होता, शाळेच्या नव्या दप्तराला येतो तसला कोरा वास. मला ती छान वाटली, हे सांगायला लाज वाटते. उचलून हातावर धरून बघितली, आणि आई आली तशी खाली ठेवली.

"आवडली?" आईनं विचारलं.

"काय माहीत."

"मला लई भ्या वाटतंय गं."

"मला पण. पण नवरात्रात खरंच दुखलं नाही गं आई. मी खोटं कसं म्हणू?"

त्या दुपारी अण्णा म्हणले, "गिऱ्हाईक संपलं. घरची ज्वारी टाकून घे."

शेवटचं दळण पोस्टमनच्या बायकोचं होतं, गव्हाचं. ते संपलं, डबा भरून ती गेली. मी ज्वारी वर ओतली. खालच्या कापडी तोंडातनं पीठ पडायला लागलं, आणि माझा हात आपोआप पुढं झाला. वैजंताबाईंसारखी चिमूट घेतली, चोळली, उजेडात धरली.

लाल कोंडा.

मोटारीच्या तुटलेल्या पट्ट्याचा काळा तुकडा पडला होता, त्यावर मी मूठभर पीठ पसरलं. ज्वारीचं पीठ पांढरं असतं, जरा राखेकडं झुकणारं. त्यात तांबूस कणी चमकत होती. दुसरी मूठ घेतली, कणी होती. तिसरीत, चौथीत होती. सातव्या मुठीला जरा कमी झाली. मी मोटार बंद केली.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, घरचं दळण आपण शेवटी का दळतो?"

"आता हे काय मधेच?"

"सांगा ना."

त्यांनी टोपी काढून झटकली. पीठ उडालं. आणि कितीतरी दिवसांनी ते जरा ताठ बसले. "आप्पांचा नियम आहे. आधीच्याचं थोडं पीठ दगडात राहतंच. ते पुढच्याच्यात जातं. ज्वारीवाल्याच्या पिठात गहू गेला की तो बोलतो, गव्हावाल्याच्यात बाजरी गेली की तो बोलतो. म्हणून एकासारखं एक लावायचं, आणि शेवटी घरचं. दिवसभराचं जे काय आत राहिलं असंल ते आपल्यात येऊ दे. गिऱ्हाईकाला नको. पन्नास वर्षं या गिरणीवर कुणी बोट दाखवलं नाही ते उगं नाही." मग माझ्याकडं बघून म्हणले, "तू परवा दाखवायला लावलंस."

मी पट्ट्याचा तुकडा त्यांच्या पुढ्यात धरला.

त्यांनी बघितलं. कळलं नाही. मग परत बघितलं.

"कणभरसुद्धा नको म्हणले होते डॉक्टर," मी म्हणलं. "नवरात्रात दगड पुसलेला होता अण्णा. नऊ दिवस गहू नव्हता."

"म्हणजे काय म्हणायचंय तुला?" आवाज चढला. "मी घातलं तुझ्या पोटात? मी?"

"मी कुठं असं म्हणलं!"

"मग काय म्हणलीस? सगळ्या गावाला चोख पीठ दिलं आणि पोरीला..." ते खाली पोत्यावर बसले. मला ओरडायचं होतं. तीन महिने मला चोर ठरवलं, एसटीत लाज काढली, ते सगळं ओरडायचं होतं, आणि मी नुसता तो पट्ट्याचा तुकडा झटकत राहिले. असं माझं कधी होत नाही.

थोड्या वेळानं ते उठले. पाना घेतला, दगड उघडला आणि ब्रश मारायला लागले. मी फडकं घेतलं.

त्या रात्री पुसलेल्या दगडावरच्या पिठाची भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी दुखलं. तिसऱ्या दिवशीही दुखलं, जरा कमी. म्हणजे काहीच ठरलं नाही. देवी की दगड, मला कोण सांगणार होतं? आणि तिसरा दिवस म्हणजे कोजागिरी. सकाळी सातला जीप येणार होती.

आत्या हिरवं लुगडं नेसून तयार होती. परडीत हळद, कुंकू, खण, ओटीचं सगळं भरलेलं.

"चल, केस विंचर."

"आत्या, मी येत नाही."

ती हसली. "भ्या वाटतंय. मला पण वाटलं होतं."

"भ्या नाही. मला जरा दिवस बघायचेत. पुसलेल्या दगडाचं खाऊन. नाही थांबलं तर पुढच्या पौर्णिमेला येते, देवीशपथ."

"देवीला तारखा देतीस?" तिचा चेहरा लाल झाला. "घ्यायच्या वेळेला तोंड फिरवतीस? पाचव्या माळेला कुणी थांबवलं दुखणं, तुझ्या त्या फडक्यानं?"

"मला माहीत नाही! माहीत असतं तर अशी उभी राहिले असते का?"

अण्णा दारात आले होते, पण आत आले नाहीत. बाहेर जीपचा हॉर्न वाजला. आत्या परडी उचलायला वाकली, आणि मला कुठनं सुचलं कोण जाणे, मी विचारलं, "आत्या, तुझं कधीपासून दुखत होतं?"

"काय?"

"परडी घ्यायच्या आधी. कधीपासून?"

"अकरा-बारा वर्षांची असंन." ती ओटीचे तांदूळ सारखे करत होती. "तुझ्यासारखंच. पोट फुगायचं. सासरी तर लईच. तिकडं दोन्ही टायमाला चपात्या, बागायतदार माणसं. सासू म्हणायची, हिला खाल्लेलं अंगी लागत नाही, लेकरू काय टिकणार हिच्या पोटात." तिचा हात थांबला. "टिकलं नाही पण. दोन्ही वेळा."

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

"आणि परडी घेतल्यावर थांबलं?"

"मंगळवारी-शुक्रवारी बरं असतं. नवरात्रात तर काहीच होत नाही. तिचे दिवस ना ते."

"मंगळवारी-शुक्रवारी तू काय खातीस?"

"उपास असतो की माझा. भगर..."

ती तिथंच थांबली. तोंड इतकं चालतं माझं, पण तेव्हा बंद ठेवलं. अण्णा दारात चौकट धरून उभे होते.

"नाम्या," आत्यानं हळू विचारलं, "आप्पांच्या वेळेला पण घरचं शेवटीच दळायचे का रे?"

अण्णांनी हो म्हणून मान हलवली.

हॉर्न परत वाजला. आत्यानं परडी डोक्याला लावली, काखेत घेतली आणि आमच्या दोघांच्या मधनं निघून गेली. जीपमधल्या बायकांनी उदो केला. तिचा आवाज त्यात होता की नव्हता, मला ओळखू आलं नाही.

ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. नवी परडी बरोबर नव्हती. देवीला ठेवली की नदीत सोडली, कुणी विचारलं नाही. जुनी तिच्या खुंटीला होती तशीच होती. ती जेवली नाही, झोपून गेली.

सकाळी मी गिरणी उघडली. आमची ज्वारी आता सगळ्यांत आधी, दगड पुसून, असं अण्णांनी ठरवलं होतं. पोट दुखत होतं की नाही हे मी सारखी बघत होते, आणि सारखं बघितल्यावर काहीच कळत नाही. तेवढ्यात मागच्या दारातनं आत्या आली. केस मोकळे, गळ्यात माळ, हातात पितळी डबा.

"देवी काय म्हणली?" मी विचारलं. मला खरंच ऐकायचं होतं.

"रांग लई मोठी होती," आत्या म्हणली. "बोलणं झालं नाही."

तिनं डबा ओट्यावर ठेवला. ज्वारी होती, निवडलेली, मापभर.

मी डबा उचलायला गेले, तर तिनं त्यावर हात ठेवला. जुना, शिरा आलेला हात. दगडाकडं बघत राहिली. बाहेर पहिलं गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं, तरी हात काढेना.

"आधी पूस," ती म्हणली. "मला बघू दे पुसताना."

मी फडकं घेतलं.